मधुकरभाऊंचा संशय

मधुकरभाऊ गेले हे मला आमच्या शिपायाने सांगितलं, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "तुला कोणी सांगितलं?" रडू नंतर आलं. इतकी वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढल्यावर दुसरं काय होणार! कुठलीही बातमी आली की ती कोणाकडून आली आणि त्यात सांगणाऱ्याचा काय फायदा, हे आधी तपासायचं, ही भाऊंचीच शिकवण. त्यांनी स्वतःच्या मरणाची बातमीसुद्धा सहजासहजी मान्य केली नसती. आता महिना उलटून गेला, तरी मी डबा उघडला की त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघते. "आज काऊन एवढं तेल, मॅडम? पाहुणे आले होते काय?" असं विचारणारं कोणी उरलेलं नाही.

चंद्रपूरच्या आमच्या शेती सहकारी संस्थेत बियाणं आणि खत विकलं जातं. दोन हजार सालाच्या सुमारास संचालकांनी ठरवलं की चंद्रपूरला एक मोठा सर्व्हर ठेवायचा, आणि चामोर्शी, जिवती, एटापल्ली या शाखांनी फोनच्या तारेवरून त्याच्यावरच काम करायचं. जोडणाऱ्या प्रत्येक संगणकाला एक परवाना लागायचा. आम्ही त्याला लायसन म्हणायचो. नवा संगणक जोडला की सर्व्हर त्याला आधी तात्पुरता परवाना द्यायचा आणि शिल्लक असला तर मग पक्का. पक्का परवाना त्या संगणकाच्या पोटात जाऊन बसायचा, आणि आमच्या त्या सर्व्हरमधून एकदा गेलेला परवाना काही परत यायचा नाही. परवाने मोजकेच विकत घेतलेले. ते सांभाळायचं काम भाऊंकडे आलं आणि भाऊंच्या संशयाला सरकारी दर्जाच मिळाल्यासारखं झालं. सर्व्हरच्या खोलीला संस्थेचं कुलूप होतं. त्यावर भाऊंनी स्वतःचं एक लावलं आणि किल्ली बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

एटापल्लीची शाखा सगळ्यात शेवटी जोडली गेली. तिथे सुशीलाबाई एकट्या सगळं बघत. त्यांचा नवरा गावच्या तलावात मासे धरायचा, सासू अंथरुणाला खिळलेली. संचालकांनी आधीच बजावलं होतं की जी शाखा सर्व्हरवर चालणार नाही ती खरिपाच्या आत बंद होईल. बंद म्हणजे बाईंची बदली चंद्रपूरला, आणि बाईंच्या बाबतीत बदली म्हणजे नोकरी सोडणंच. आणि नेमका एटापल्लीच्या संगणकाला पक्का परवाना मिळाला नाही. परवाने संपले होते! संगणक जेवढे, परवाने तेवढेच घेतले होते, तरी संपले. रोज सकाळी बाईंच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना यायची की तुमची मुदत संपत आली आहे. बाई ती अक्षर अक्षर फोनवर वाचून दाखवायच्या आणि शेवटी विचारायच्या, "भाऊ, मी राहीन ना?"

मग सुरू झाला तपास. आपले परवाने कोणी खाल्ले? भाऊंचा पहिला संशय चामोर्शीच्या मॅनेजरवर. त्यांनी पोराचा घरचा संगणक चोरून जोडला असणार म्हणून भाऊ कोणाला न सांगता चामोर्शीला जाऊन आले. आठवडी बाजाराचा दिवस होता. मॅनेजरला वाटलं भाऊ वांगी घ्यायला आले, आणि त्यांनी पिशवीभर वांगी दिलीसुद्धा. तर भाऊ म्हणाले, "फुकट काऊन देऊन राह्यला तो? काहीतरी हायेच." पुढचा संशय माझ्यावर. मी जेवायला उठले की ते माझ्या टेबलाखाली वाकून तारा बघायचे. मीही काही कमी नव्हते. परवाने यांनीच कुठेतरी दडवले असतील, म्हणजे सगळ्या शाखा यांच्या पाया पडत येतील, असं माझं पक्कं मत होतं. त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं एकमेकांचा चहासुद्धा नीट बघून प्यायचो.

एक दिवस मी वैतागून म्हटलं, "भाऊ, एटापल्लीची मशीन सरळ फॉरमॅट मारू या. सगळं पुसून टाकलं की सर्व्हर तिला नवीन समजेल, आणि पुन्हा तात्पुरता परवाना देईल."

"हे चोरी होते, मॅडम," भाऊ फटकन म्हणाले. आणि मग एकदम थांबले... "पुसली का नवीन समजते काय तो?"

"समजणारच ना."

भाऊ उठले, दोन्ही कुलपं उघडून आत गेले आणि ऑफिस सुटेपर्यंत बाहेर आले नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे दसऱ्याला अवजारांबरोबर संगणकांचीही पूजा होते, आणि भाऊंचा नियम असा की पूजेआधी मशीन आतून धुतली पाहिजे. "पोळ्याले बैल धुतेत, तं दसऱ्याले मशीन नाई धुवायची काय? पोरायनं कोणकोणते व्हायरस आणले असन, काय भरवसा!" म्हणून दरवर्षी ते एकेक संगणक पुसून कोरा करत. कोरा झालेला प्रत्येक संगणक सर्व्हरपुढे अनोळखी होऊन उभा राहायचा, नवा परवाना घ्यायचा, आणि जुना वाया जायचा. परवाने कोणी खाल्ले नव्हते. भाऊंनीच ते धुऊन टाकले होते.

यातला एक शब्दही ते कधी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या टेबलावरच्या संगणकाचा डबा सोडवला आणि चादरीत गुंडाळला. "माह्या मशीनचा परवाना पक्का हाये. मशीन जाईन तं परवानाबी जाईन," एवढंच म्हणाले. तो डबा मांडीवर घेऊन ते एसटीने एटापल्लीला गेले. कंडक्टरने वर टपावर ठेवा म्हटलं, तर त्याच्यावरही संशय. बाईंची शाखा राहिली, बाई राहिल्या. आणि भाऊ पुढचे नवे परवाने येईपर्यंत सर्व्हरच्या खोलीत, खुद्द सर्व्हरपुढेच बसून काम करू लागले, कारण तिथे परवाना लागत नाही. चंद्रपूरच्या मे महिन्यात हा माणूस एसीत मफलर गुंडाळून खोकत बसलेला! ऑफिसात कुजबुज झाली की भाऊंनी बरोबर थंड जागा पटकावली. भाऊंनी ती होऊ दिली.

बाईंसाठी केलं की चूक झाकायला, असं मी एकदा विचारलं होतं. "तुमाले काऊन पायजे?" म्हणाले. मला अजूनही संशय आहे की दोन्ही खरं होतं, आणि त्यामुळे ते मला जास्तच आवडायचे.

तो संगणक अजून एटापल्लीलाच आहे. पुढे परवाने भरपूर झाले, पण भाऊंनी बाईंना लावलेली सवय सुटली नाही. सकाळी मशीन सुरू करण्याआधी चंद्रपूरला फोन करायचा. भाऊ विचारणार, "झाकण कोणी उघडलं तं नाई ना?" बाई म्हणणार, "नाई भाऊ, तसंच हाये." मग मशीन सुरू.

भाऊ गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला आणि माझं नाव सांगितलं. पलीकडे पंख्याचा आवाज होता.

"मॅडम, मी सुशीला. भाऊ नाई, हे मालूम हाये मले. पण मशीन चालू कराले हातच होऊन नाई राह्यला."

मी भाऊंच्या खुर्चीत बसले आणि जमेल तेवढ्या संशयाने विचारलं, "झाकण कोणी उघडलं तं नाई ना?"

"नाई, मॅडम. तसंच हाये."

"मग करा सुरू."