तेलाची तडतड

धोंडीराम मिस्त्रीची आणि माझी ओळख शिवीने झाली. निजामी अमलातली गोष्ट. जालन्याच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर म्हणून लागलो आणि पहिल्याच दिवशी तेलाची बादली कापसाने पुसली. जिनमध्ये सगळं कापसानेच पुसतात. हात, यंत्र, जेवणाचा डबासुद्धा. मिस्त्रीने बादली लाथेने उडवली. "कापूस पाणी धरतो, गाढवा. तेच पाणी टान्सफारमरला पाजून राह्यलास." सगळ्यांसमोर. तेव्हापासून तो माणूस माझ्या डोक्यात गेला, तो कायमचाच.

पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मरचं तेल ओल धरायचं. हंगामाआधी मिस्त्री ते तापवून, कोरड्या टिपकागदातून गाळून घ्यायचा. मग वाटीभर तेलात लाल झालेली सळई बुडवायची. तडतडलं तर आत पाणी आहे. तसंच भरून वीज सोडली तर ट्रान्सफॉर्मर फुटणार आणि जवळचा माणूस भाजणार. कान लावायचा तो फक्त मिस्त्रीने, आणि तेल पास करणाऱ्यानेच विजेचा खटका ओढायचा, हा नियमही त्याचाच. "दुसऱ्याचा जीव लावायचा न्हाई," म्हणायचा. त्याच्यात चांगलं म्हणावं असं मला एवढंच सापडलं.

पुढे त्याचे कान गेले. सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगणार कोण? अंगावर यायचा. त्या वर्षी सळई बुडाली आणि तेल स्पष्ट तडतडलं. मिस्त्री उठला. "बिलकुल बराबर. भरा."

मी गप्प बसलो. होऊ दे एकदा याची फजिती, असंच मनात होतं.

तेल भरून झालं. मिस्त्रीने खटक्याला हात घातला. मी हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही. धावत जाऊन मनगट धरलं, तर त्याने थोबाडीत मारली. "तेल तडतडलं होतं," मी त्याच्या कानाशी ओरडलो.

उरलेल्या तेलात त्याने पुन्हा सळई बुडवली. या वेळी तो वाटीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. पुन्हा तडतडलं. मी होकारार्थी मान हलवली.

"मला ऐकू आलं न्हाई," तो हळू म्हणाला. "तुला तर आल्तं ना?"

सळई माझ्या हातात देऊन तो केदारखेड्याला, आपल्या गावी निघून गेला. परत आला नाही. जाताना शिवीसुद्धा दिली नाही त्याने, आणि त्याचाच मला अजून राग येतो.