राणीच्या कपाळावरचा ठिपका

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्येच थांबावं लागणार नाही. कारण हा गाढवपणा मी एकट्यानं, पूर्ण शुद्धीत आणि हातात भिंग घेऊन केलेला आहे!

मी सोलापूरचा. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं माल तपासला. भिंगाखाली कापड धरायचं, चूक शोधायची, माल बाजूला काढायचा. रिटायर झालो तरी खोड जाईना. बायकोच्या भाकरीत चुका काढून पाहिल्या. त्या दिवशी उपाशी राहिलो. मग जुनी चांदीची नाणी जमवायला लागलो.

आणि नाण्यांत गंमत अशी, की तिथं चुकीलाच मान! टाकसाळीतल्या ठशात काही खोट राहिली की ती नाण्यावर उमटते, आणि असलं नाणं दुर्मीळ. ओळखायचा नियम सोपा. खड्डा दिसला, तर नंतर कुणीतरी आपटलंय. उंचवटा दिसला, तर दोष मुळातला, ठशातलाच. हा नियम मी बायकोला इतक्यांदा ऐकवलाय की ती झोपेतसुद्धा म्हणून दाखवेल.

तर गेल्या मे महिन्यात सासुरवाडीला गेलो, दुधनीला. देवघरात नमस्कार करायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. लक्ष्मी म्हणून पाटावर ठेवलेला राणीछाप रुपया! काळाकुट्ट पडलेला. भिंग तर खिशातच असतं. बघतो तर काय, राणीच्या कपाळावर, मुकुटाच्या जरा खाली, एक बारीक गोल ठिपका. आणि तो कसा? उंच!

भिंग पुसून पुन्हा पाहिलं. उंचच! असा ठिपका कुठल्या पुस्तकात नाही, कुठल्या यादीत नाही. म्हणजे हा मीच शोधला! उद्या या ठशाला माझं नाव देतील. कारखान्यात तीस वर्षांत माझ्या नावाची खुर्चीसुद्धा नव्हती हो.

"अव्वा," मी सासूबाईंना म्हणालो, "हे नाणं मला द्याल?"

"न्या की जावईबापू. पर लई काळं पडलंय. थांबा, चिंच लावून पुसून देते."

"नाही!" मी एवढ्यानं ओरडलो की दारातली शेळी उठून उभी राहिली. "धुतलं की नाण्याची किंमत संपली! हात लावू नका."

"अवो, पर त्या कपाळावरचं तेवढं..."

"त्या कपाळासाठीच तर नेतोय!"

म्हातारीनं पाटाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पर पाट रिकामा कसा ठिवू? लक्ष्मी हाय ती."

आता माझा मोठेपणा ऐका. माझ्याकडे नऊ राणीछाप रुपये असे होते, की जणू कालच टाकसाळीतून निघालेत. सुती हातमोजे घालूनच मी त्यांना हात लावायचो. बायको म्हणायची, "मला कधी एवढ्या अलगद धरलं नाही." ते नऊच्या नऊ, प्लास्टिकच्या डब्यांसकट, मी दुसऱ्या दिवशी सोलापूरहून आणून सासूबाईंच्या ओटीत घातले.

"अय्यो, एकाला नऊ?" त्या म्हणाल्या. मला त्यांच्या भोळेपणाची दयाच आली.

सोलापुरात आमची नाणीवाली मंडळी दर रविवारी अण्णांच्या व्हरांड्यात जमते. अण्णा विणकराच्या घरातले. हिशेब तेलुगूत करतात आणि आमची बिनपाण्यानं करतात ती मराठीत. मी आधी पेढे वाटले, मग नाणं काढलं. क्रम लक्षात ठेवा.

अण्णांनी बराच वेळ पाहिलं. "काय की हो. राणीचा गाल झिजलाय, नाक झिजलंय, मुकुटाची नक्षी गेली. मग सगळ्यात वर आलेला हा ठिपकाच कसा झिजला नाही?"

किती सरळ प्रश्न! शाळेतल्या पोरालाही सुचला असता. पण मी काय म्हणालो असेन? "अण्णा, दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही ना तुम्हाला?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "जरा उजेडात धरा."

धरलं की! कठड्याशी गेलो. सोलापूरचा मे, दुपारचे बारा. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून मी भिंग पुढं-मागं करत उन्हाचा झोत बरोब्बर राणीच्या कपाळावर आणला. "बघा! नीट बघा!"

सगळे वाकून बघायला लागले. ठिपका चमकला. मग थरथरला. मग हळूहळू निघाला आणि राणीच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला.

अण्णांनी तो नखानं उचलला, वास घेतला. "मेण हाय हे! आमची आजीपण आधी मेण लावायची, मग वर कुंकू. टिकतंय म्हणून. हितलं कुंकू उडून गेलंय, मेण राहिलंय."

 मग जो हशा उठला म्हणता! आणि प्रत्येकाच्या तोंडात माझाच पेढा.

मला लाज वाटली, पण त्याहून जास्त भीती वाटली. माझे नऊ रुपये! दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन दुधनी गाठली. वाटेत अक्कलकोटपर्यंत मी एकच म्हणत होतो, "डब्यातून काढले नसतील ना गं?"

सासूबाई दारातच हसून म्हणाल्या, "या या! आधी देवघरात बघा."

पाटावर नऊ राण्या ओळीनं बसलेल्या. चिंच आणि राख लावून घासघास घासलेल्या, आरशासारख्या लख्ख. आणि प्रत्येकीच्या कपाळावर, मुकुटाच्या जरा खाली, मेणाचा एक टपोरा ठिपका. वर कुंकू.

"तुमचा लई जीव त्या ठिपक्यावर," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "मनून समद्यास्नी लावला!"

 मी वाकून पाया पडलो. त्यांनी रीतीप्रमाणे जावयाला कुंकू लावलं. आधी मेण, मग कुंकू.

बायकोनं माझ्या खिशातून भिंग काढलं, माझ्या कपाळाशी धरलं, नीट पाहिलं आणि आईला म्हणाली, "अव्वा, उंचवटा हाय. म्हणजे दोष मुळातलाच!"