जाळायचा एक जादा दिवा

"एक जादा घ्या, मास्तर. जाळाय."

वायरमन चाचा हे गिऱ्हाइकाला इतक्या शांतपणे म्हणायचे, की त्यांना पायरी चढताना बघूनच दिव्यांचा दुकानदार कपाळाला हात लावायचा. लोक सात दिवे लागणार असतील तर एखादा फुटला-बिटला म्हणून आठ घेतात. चाचांचा आठवा दिवा स्टोव्हवर जायचा. तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल, ज्याच्या हेकेखोरपणाचा आधी वैतागच येतो. मला तर भयंकर आला होता.

आमचं घर जुन्या पेठेतलं. खाली बैठकीची खोली, वर लाकडी फळ्यांची माडी. खालच्या खोलीला पीओपीचं छत करून त्यात गोल दिवे बसवायचं मी ठरवलं, आणि दिसायला नाजूक म्हणून सात दिवे परस्पर आणूनही ठेवले. वायरमन म्हणून चाचा आले. दिव्यांकडे बघितलंसुद्धा नाही. वर बोट करून म्हणाले, "माडीवर कोण झोपतंय?"

"आमचे वडील, तात्या. डावं अंग गेलंय, उठता येत नाही. पण खाली यायला तयार नाहीत."

"मग हे दिवं न्हाय चालायचं. छताला सात भोकं पाडायची म्हंजे खालच्या आगीला वर जायाला सात वाटा. आग लागली की भोक आपसूक बुजवणारा दिवा येतोय, फायर रेटेड. त्यो घ्यायचा."

"चाचा, आमच्या घरात आग कशाला लागतेय?"

"कशानंबी लागू दे. भोक मी पाडणार हाय की."

मनातून मात्र मी धुसफुसतच होतो.

दुसऱ्या दिवशी दुकानात त्यांनी तीन खोकी काढायला लावली. एकावर अर्धा तास लिहिलेलं, एकावर एक तास, एकावर दीड. आगीपुढं दिवा किती वेळ दम धरणार, त्याचा आकडा. मी सरळ अर्ध्या तासाचं उचललं.

"तात्यास्नी खाली आणाय किती वेळ लागतोय?" चाचांनी विचारलं.

तात्यांना आम्ही खाली आणलं होतं कुठं कधी?

खोकी तिथंच ठेवून चाचा मला घरी घेऊन आले आणि घड्याळ हातात धरून जिन्याखाली उभे राहिले. मी, धाकटा भाऊ आणि बायको, तिघांनी तात्यांना खुर्चीत बसवून उतरवायला घेतलं. मधल्या वळणावर खुर्ची अडकली. तात्या उजव्या हातानं धरलेला कठडा सोडेनात. उंबऱ्याशी आलो तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती, तीही दिवसाढवळ्या, धूर नसताना. बापाला आपण कुठं निजवलंय, हे मला त्या दिवशी कळलं.

"तासाचा घ्यायचा," चाचा एवढंच म्हणाले.

परीक्षा आमच्या परसात झाली. विटांच्या दोन थप्प्यांवर छताचा तुकडा, त्याच्या भोकात दिवा, खाली पेटता स्टोव्ह. वर हातभर अंतरावर तारेची जाळी आणि जाळीवर आमच्याच डब्यातला उडदाचा पापड. पहिला मान माझ्या नाजूक दिव्याचा. पाच मिनिटांत तो मेणासारखा ओघळला, भोकातून जाळ वर आला आणि पापडाचा कोळसा झाला. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की मी दुसरा पापड आणायच्या निमित्तानं आत पळालो.

मग तासाचा दिवा. त्याच्या कडेची काळी पट्टी हळूहळू फुगत गेली, फुगत गेली आणि भोक गच्च बुजलं. चाचा स्टोव्हला पंप मारत बसले. तासभर एकदाही जागचे हलले नाहीत, आणि मलाही हलवेना. दिवा कधीच जळून गेला होता, तरी जाळ वर जाईना. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी दिव्यापेक्षा त्या माणसाकडेच जास्त बघत होतो.

तास भरल्यावर त्यांनी पापड उचलून माझ्या हातात दिला. कडेनं जरासा वाकला होता.

"कच्चा ऱ्हायला. आता लावूया."

चाचांना जाऊन आता दोन वर्षं झाली. छातीत दुखतंय म्हणाले आणि तासाभरात आटोपलंच. पेठेत वायरमन पुष्कळ आहेत, हातानं चांगले आहेत. जाळायला दिवा मागणारा मला पुन्हा भेटला नाही.

मला ते आठवतात ते दिवे बसवून झालेल्या दुपारचे. सातही दिवे लावून ते माडीवर गेले आणि तात्यांच्या कॉटशेजारी उघड्या फळ्यांवर आडवे झाले. "बटणं बंद करू नगा. फळी तापतीया का बघतो," म्हणाले. तळवा फळीवर टेकवून पडले, आणि दमलेल्या माणसाला खरंच झोप लागली. चहा घेऊन मी वर गेलो, तर तात्या वळता येईल तेवढं कुशीवर वळून त्यांच्याकडे बघत होते. मी हाक मारणार, तेवढ्यात तात्यांनी उजवा हात उचलला आणि बोट ओठांवर ठेवलं.