मापावरची मूठ

हल्ली आठवड्यातून एखादी तरी बाई माझ्या ओट्यावर येऊन बसते. कुणी आमच्या टेंभुर्णीतलीच असते, कुणी जाफराबादहून जीपनं आलेली. एकदा तर पार आष्टीहून सासू-सून आल्या होत्या, पापडांचा डबा मांडीवर घेऊन. सगळ्यांचा प्रश्न एकच, "फोनवर गिऱ्हाईक तर भेटलं, पर पार्सल कसं पाठवायचं ओ?" मी सांगते. सांगायला माझं काय जातं?

खोकं मालापेक्षा बोटभरच मोठं घ्या. मोठं खोकं हलकं असलं तरी त्याच्या आकाराचंही वजन धरतात, आणि माल आत खुळखुळत जातो तो वेगळाच. बंद केलं की कानाशी धरून हलवा, वाजलं की परत उघडा. वजन घरीच करा, पण खोकं, चिकटपट्टी, आतलं भरताड सगळं धरून; नुसत्या मालाचं वजन करून गेलात तर खिडकीपाशी तोंडात मारल्यासारखं होतं. पत्त्यावर पारदर्शक पट्टी चिकटवा, नाहीतर पावसात शाई पसरते. पत्त्याचा एक कागद आतही टाका. पिनकोड गिऱ्हाइकाला दोनदा विचारा, कारण शहरातल्या लोकांना जगाची खबर असते, पण स्वतःचा पिनकोड पाठ नसतो. पावतीचा फोटो लगेच पाठवा, म्हणजे "कुठवर आलं, कुठवर आलं" म्हणून कुणी जीव खात नाही.

आणि शेवटी मी जरा आवाज चढवून सांगते, पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहा. नणंदेचं नाही, भावाचं नाही, नवऱ्याचंसुद्धा नाही. बाया हसतात. त्यांना वाटतं मी गंमत करते आहे.

माझी नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न होऊन पुण्याला गेली, त्याला बरीच वर्षं झाली. रीत म्हणून मी तिला ताई म्हणते. बोलायला अशी गोड की दगडालाही पाझर फुटावा, आणि कामाला हात लावायची वेळ आली की हिचं डोकं दुखलंच म्हणून समजा. एका उन्हाळ्यात ती माहेरपणाला आली आणि जाताना माझ्या कुरडया घेऊन गेली. तिच्या सोसायटीतल्या बायांनी त्या तळून खाल्ल्या आणि मागे लागल्या. ताईचा फोन आला, "वहिनी, तू कर, मी विकते. पाठवायचं मात्र तुला तिकडून बघावं लागेल." तिनं फोनवर विक्रीचं पान काढलं आणि मी पोस्टाची वाट धरली. पैशाचं मी बोलत नाही. पैसे ती वेळेवर आणि चोख पाठवायची. उगीच खोटं कशाला बोलू?

कुरडई मी शिकले ती सासूबाईंकडून, म्हणजे ताईच्या आईकडून. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक गाळायचा, आणि मग भल्या पहाटे चुलीवर तो घाटत बसायचं. खांदा उतरून येतो. त्या वेळी ताई लग्नाची होती, पण चीक घाटायच्या दिवशी तिला हमखास मैत्रिणीकडे जायचं असे. मी नवी सून. मला कुठे जायला मैत्रिणी होत्या? सासूबाईंनी पळी माझ्या हातात दिली ती कायमचीच.

त्यांची आणखी एक रीत होती. कुणालाही काहीही मापून दिलं की वर एक मूठ टाकायची. आणि मूठ असायची नखुल्यांची. रव्याच्या पिठाची गव्हाएवढी गोळी करून ती नखानं दाबली की शिंपल्यासारखा आकार येतो, वाळवून त्याची खीर करतात, ते नखुले. दुपारी पाय पसरून बसल्या की सासूबाई आणि मी बोलता बोलता ताटभर वळायचो. "माप दुकानाचं, मूठ घरची," असं त्या म्हणायच्या. त्या गेल्यावरही मी ती मूठ सोडली नाही. पुण्या-मुंबईला जाणाऱ्या पार्सलांतही न चुकता टाकत होते.

इथेच पहिली फजिती झाली. आमच्यासारख्या बायांचीच व्हावी अशी. ताईनं हिशेब करून मापाचं पाकीट ठरवलं होतं, खोक्यासकट अर्ध्या किलोच्या आत बसेल असं. अर्ध्या किलोच्या वर गेलं की टपालाचा पुढचा दर लागतो. माझी मूठ पडली की पार्सल नेमकं वर जायचं. ताई फोनवर कावली, "वहिनी, ती मूठ बंद कर. कुणी मागितलीये?" मला ते जमेना. मापाला माप देऊन पाकीट बंद करताना हातच थांबायचा.

त्यातून कुरडई म्हणजे नाजूक नवरी. पहिल्या खेपेच्या कुरडया पोचेपर्यंत चुरा झाल्या होत्या. मग मी वर्तमानपत्राचे बोळे कोंबायला लागले, तर वजन आणखी वाढलं. एक दिवस गोठ्याकडे मक्याच्या कणसांची वाळलेली पानं पडलेली दिसली. हलकी, कोरडी, दाबली की परत उठणारी. निवडून, झटकून, उन्हात कडक वाळवली. कुरडईची पिशवी त्या पानांच्या घरट्यात ठेवली, आणि कागदाचं जेवढं वजन वाचलं तेवढ्यात माझी मूठ बसली. एक कुरडई मोडली नाही. मला इतका आनंद झाला होता की मी ताईला लगेच फोन केला. तीही म्हणाली, "वा गं माझी वहिनी!"

पाठवणाऱ्याच्या जागी मात्र ताईचं नाव असायचं. तीच म्हणाली होती, लोकांना तिचं नाव ओळखीचं आहे. फोन नंबर तेवढा माझा, कारण पोस्टातले साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "पार्सल वापस आलं तर पुण्याला फोन लावू का मी? इथला नंबर लिहा बराबर." म्हणजे नाव तिचं आणि खाली नंबर माझा. मला त्यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही. घरातच तर होतं सगळं.

अशात एका दुपारी फोन आला. मी अंगणात पानं निवडत होते. पलीकडे वयस्कर बाई, आवाज मऊ. नाशिकहून बोलत होत्या.

"तुम्ही पॅकिंगवाल्या मावशी का?"

मला वाटलं, नंबर चुकला. म्हटलं, "कोण पाहिजे?"

"अहो, ताई फोन उचलत नाहीत, म्हणून म्हटलं पार्सलवर नंबर आहे तर पॅकिंगवाल्या बाईंनाच विचारावं. त्यात ते छोटे छोटे शिंपल्यासारखे काय आहेत? किती सुंदर केलेत! ते कसे शिजवायचे, ताईंना विचारून सांगाल का?"

मी त्यांना खीर कशी करायची ते सांगितलं. तुपावर परता, मग दूध, गूळ सगळ्यात शेवटी आणि खाली उतरवून, नाहीतर दूध फाटतं. त्या म्हणाल्या, "अरे वा, तुम्हालाही येतं की!" आणि मग जाता जाता, "तुमच्या ताईंना सांगा हं, हाताला फार चव आहे त्यांच्या."

मी "सांगते" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? हातातली पानं तशीच राहिली.

संध्याकाळी नवरा शेतातून आला तेव्हा त्याला म्हटलं, ताईचं ते फोनवरचं पान दाखवा मला. त्यानं नाही-होय केलं, मग काढून दिलं. ताईचा व्हिडिओ होता. काठाची साडी, कपाळावर मोठं कुंकू, जे मी तिच्या कपाळावर कधी पाहिलं नाही. हातात सोऱ्या. सोऱ्यात चकलीची चकती. कुरडईला चकलीची चकती घालणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ती सांगत होती, ही माझ्या आईची कुरडई, पहाटे उठून मी स्वतः चीक घाटते, खांदा भरून येतो, पण आईची आठवण म्हणून करते. आणि मग कणसाची पानं कॅमेऱ्यासमोर धरून म्हणाली, "पॅकिंगला गावाकडे एक बाई ठेवलीये. ती या पानांत बांधून देते बिचारी."

बिचारी! मोलकरीण म्हणाली असती तरी मला इतकं लागलं नसतं.

व्हिडिओखाली लोकांनी आवडल्याचे अंगठे दिले होते. त्यात एक माझ्या नवऱ्याचा होता.

"तुम्ही पाह्यला होता हा?"

"पाह्यल्ता की," तो पाय धुता धुता म्हणाला. "म्हनलं उगं तुला कशाला सांगावं. तू लगेच डोक्यात राख घालून घेती. अन् तिनं काय वाईट केलं? धंद्यात बोलावं लागतंय तसं."

बहिणीनं केलं ते एक वेळ मी गिळलं असतं. पण हा माणूस रोज माझ्याच हातचं ताट पुढ्यात घेऊन बसत होता, वाळवणाला माझ्याबरोबर गच्चीवर कापड धरत होता, आणि सगळं माहीत असून गप्प होता. त्या दिवशी मला या घरात पहिल्यांदाच परक्यासारखं वाटलं.

त्याच महिन्यात भावकीत लग्न होतं, त्याला ताई आली. मी वाट बघत होते. हळदीच्या गर्दीतून तिला आत घेतलं आणि सरळ विचारलं, "ताई, पॅकिंगवाली बाई कोण आहे?"

तिचा चेहरा क्षणभर उतरला, पण तोंडानं कधी हार मानलीये तिनं! "अगं, लोकांना एकच चेहरा लागतो, वहिनी. त्यांना काय सांगू, भावजय करते म्हणून? मग म्हणतात, तिचाच नंबर द्या." हे बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. मग उलटूनच म्हणाली, "आणि कुरडई माझ्या आईचीच आहे ना? का तुझ्या माहेरून आणलीस?"

आई तिचीच होती. मी फक्त त्या आईजवळ बसले होते, जेव्हा ही मैत्रिणीकडे जायची तेव्हा. हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर भांडी घासताना सुचलं, आणि मग रोज सुचत राहिलं.

निघायच्या दिवशी, जसं काही झालंच नाही अशा आवाजात ती म्हणाली, "वहिनी, घरापुरत्या कुरडया बांधून दे गं." मी तराजू काढला. पाकीट भरलं, काट्यावर ठेवलं. जरा जास्त झालं तेव्हा कुरडईचा एक तुकडा मोडून परत काढला. सवयीनं हात डब्यात गेलाच होता, मूठभर नखुले वरही आले होते. ते मी वाटीत काढून बाजूला ठेवले आणि पाकिटाचं तोंड बांधलं.

ती बघत होती. "आणि आईची मूठ?"

"मूठ घरची माणसं टाकतात, ताई," मी म्हटलं. "पॅकिंगवाली बाई मापानंच देते."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नव्हतं ते, मला कळत होतं. पण मी हलले नाही. इतक्या दिवसांत तेवढी एकच गोष्ट माझ्या हातात होती, न देण्याची, आणि ती मी धरून ठेवली. नवऱ्यानं तिची पिशवी उचलली आणि तिला मोटारसायकलवर बसवून जाफराबादच्या स्टँडवर सोडायला नेलं.

ते गेल्यावर मी नखुले परत डब्यात टाकायला वाटी घेतली. वाटी रिकामी होती. खाली सांडले असतील म्हणून फरशी पाहिली. एक दाणा नव्हता.

नवरा परत आला तेव्हा मी दारातच उभी होते. त्याला विचारावंही लागलं नाही.

"मीच टाकले तिच्या पिशवीत," तो म्हणाला. "मूठ आईची हाय. तू कोण न्हाई म्हणणारी?"

मी त्याला जेवायला वाढलं आणि वाटी घासून पालथी घातली.

ताईचं काम मी सोडलं. ज्या बायांनी पार्सलवरचा नंबर जपून ठेवला होता, त्या आता थेट मलाच फोन करतात. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव असतं, मोठ्या अक्षरात. कणसाची पानं तीच आहेत, कुरडई तीच आहे. नखुले मात्र मी त्या दिवसापासून वळले नाहीत. मापाला माप जातं. पार्सल आता अर्ध्या किलोच्या आत आरामात बसतं, ताईला पाहिजे होतं तसं.

नाशिकच्या त्या बाईंचा परवा पुन्हा फोन आला होता. नवरा शेजारीच बसून खोक्याला चिकटपट्टी लावत होता. त्या म्हणाल्या, "अहो, कुरडई मिळाली, छान आहे. पण ते खिरीचे छोटे छोटे या वेळी नाही का टाकले?"

मी म्हटलं, "ते करणारी बाई सोडून गेली."