वरचा सूर

रत्नदीपला जाऊन वर्ष झालं, म्हणून त्या रविवारी डोंबिवलीच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर होता आणि वस्तीच्या गायन पार्टीत ढोलकी वाजवायचा. माणूस सगळ्यांना हवा असलेला, त्यामुळे विहार भरून गेला होता. त्याची धाकटी बहीण रचना ठाण्याच्या बाळकुमहून सकाळीच आली आणि दीप्तीवहिनीच्या शेजारी पुढच्या सतरंजीवर बसली.

वडील लवकर गेले, त्यामुळे रचनाला वडील म्हणून दादाच आठवायचा. शाळेत पालकसभेला तो ड्युटीवरून तसाच यायचा, अंगाला कंपनीचा उग्र वास असायचा आणि तिला त्याची कधी लाज वाटली नाही. तिला गायला लावलं तेही त्यानेच. भीमजयंतीच्या स्टेजवर चढण्याआधी ज्येष्ठमधाची काडी तिच्या हातात द्यायचा, माइक तिच्या उंचीला आणून ठेवायचा आणि मगच ढोलकीवर बसायचा.

ती विशीत असताना कल्याणच्या दौलत गायकांनी तिला ऐकलं. त्यांची पार्टी मोठी, पार मराठवाड्यापर्यंत कार्यक्रम. दादा त्यांना भेटायला कल्याणला गेला आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आला. म्हणाला, "वर गेलं की आवाज फाटतो म्हणाले. दुसरी मुलगी घेतली त्यांनी. मनाला लावून घेऊ नको, रचू."

तिने मनाला लावून घेतलंच. पुढच्या जयंतीला ती स्टेजवर चढली नाही, त्यानंतरही कधी नाही. लग्न होऊन बाळकुमला गेली, तर लेकीला झोपवतानासुद्धा ओठांतल्या ओठांत गुणगुणायची. माहेरच्या कार्यक्रमात दुसरं कुणी गात असलं की दादा हळूच म्हणायचा, "तुझ्याइतकं नाही जमत हिला." आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय, असं तिला वाटायचं. त्या मायेनेच तिचे डोळे भरून यायचे.

वंदना झाली आणि दोन शब्द बोलायला दौलत उभे राहिले. केस पांढरे झालेले, पण आवाज खणखणीत. रत्नदीपच्या ढोलकीबद्दल बोलले, त्याच्या स्वभावाबद्दल बोलले, मग म्हणाले, "भाऊ कसा असावा, ते मी या माणसात बघितलं. मी याची बहीण पार्टीत मागितलेली. हा स्वतः कल्याणला आला आणि म्हणाला, पोर रात्रीबेरात्री गावोगाव फिरणार, उद्या लग्नाला अडेल. माझा जीव आहे तिच्यावर, तिला नाही पाठवणार."

लोकांनी माना डोलावल्या. रचना जागेवरच उभी राहिली.

"दौलतभाऊ, माझा आवाज फाटतो म्हणून तुम्हीच नको म्हणालेलात ना?"

दौलत गोंधळले. "असं कोण म्हणालं? अगं, त्यानंतरही मी दोनदा निरोप धाडला होता."

रचनाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी पदर नीट करत खाली बघत होती.

घरी आल्यावर वहिनीने सगळं कबूल केलं. लग्न होऊन ती नुकतीच आलेली, तेव्हाच दादाने तिला सांगितलं होतं. नुसतं नको म्हटलं तर रचू ऐकणार नाही, म्हणून असं बोललो म्हणाला होता.

"त्यांनी तुझ्या भल्यासाठीच केलं गं," वहिनी म्हणाली.

"नको म्हणाला असता तर मी भांडले असते, वहिनी. हरलेही असते. पण माझा गळा चांगला आहे, एवढं तरी मला माहीत राहिलं असतं."

ती न जेवता निघाली. पुढे कित्येक दिवस भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना ती मनातल्या मनात दादाशी भांडत राहिली. तो जिवंत असता तर तिने त्याला दारात उभं केलं नसतं. आता तो कोणाचं काय ऐकणार? आणि इतकं होऊनही त्याची आठवण यायची थांबत नव्हती, याचा तिला जास्त राग यायचा.

शेवटी एका दुपारी ती कल्याणला दौलतभाऊंच्या तालमीला गेली. एक गाणं म्हणते म्हणाली. मुखडा नीट झाला. अंतऱ्याला वर गेली आणि आवाज चिरकला. पुन्हा घेतला, पुन्हा तेच.

दौलतनी पेटी थांबवली. "इतकी वर्षं गळा बंद ठेवलास, बाई. आता वरचा सूर लागणं अवघड आहे. कोरसमध्ये बसशील?"

तिने होकारार्थी मान हलवली. मागे बसलेल्या बायकांनी सरकून जागा केली. दौलत तिची ओळख करून देऊ लागले, "ही आपल्या रत्नदीपची..."

"रचना," ती मध्येच म्हणाली. "बाळकुमला राहते."