ताईचं मत

माझी थोरली बहीण शिवणकाम करते आणि गेल्या निवडणुकीपासून नगरसेविका आहे. लहानपणी कशाचेही दोन वाटे झाले की ती मुकाट्यानं लहान वाटा घ्यायची. आईला कोण कौतुक! मला मात्र तेव्हापासून वाटायचं, यात काहीतरी गोम आहे.

निवडून आल्यावर तिच्या शिवणयंत्रापाशी लोकांची रीघ लागली. कुणाचं गटार तुंबलेलं, कुणाच्या बोळातला दिवा गेलेला. ती ओठांत टाचण्या धरून ऐकायची आणि संध्याकाळी स्वतः जाऊन गटारात डोकावून यायची. म्हटलं, नव्याचे नऊ दिवस.

मी नगरपरिषदेच्या पाळणाघरात नोकरीला. कामावर जाणाऱ्या बायका पोरं आमच्याकडे ठेवतात. ते बंद करून तिथं गाड्या लावायला जागा करायची, असा ठराव आला आणि ताईनं मला टाळायलाच सुरुवात केली. फोन केला की, "कामात आहे गं." त्यात एकदा ती नगरपरिषदेच्या सचिवांशी जिन्यात कुजबुजताना दिसली. मला पाहून दोघंही गप्प! माझ्या मनात पाल चुकचुकली. कुठंतरी पाणी मुरत होतं.

सभेच्या दिवशी मी पोरांच्या आयांबरोबर मागच्या बाकावर बसले. ठराव वाचून झाला आणि ताई उभी राहिली.

"माझी सख्खी बहीण तिथं नोकरीला आहे. या विषयावर मला मत देता येणार नाही."

एवढं बोलून ती चक्क बाहेर निघून गेली. शेजारची बाई म्हणाली, "पळाल्या का हो तुमच्या ताई?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हात वर झाले. दोन्हीकडे सारखेच. मग अध्यक्षांनी आपलं जादा मत बंद करण्याच्या बाजूनं टाकलं आणि पाळणाघर गेलं.

ताई बाहेरच्या बाकावर बसली होती, डोळे लाल. मी तिच्यावर तुटूनच पडले.

"किती दिवस शिजत होतं हे?"

"अगं, नियम आहे. घरच्या माणसाचा पगार गुंतलेला असला की बाहेर जायचं. काही वाट निघते का, तेच सचिवांना विचारत होते."

"मग? निघाली?"

"निघाली होती. तू आधीच नोकरी सोडली असतीस, तर मला आत बसता आलं असतं. पाळणाघर वाचलं असतं."

"मग बोलायचं होतंस ना!"

"दोनदा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले. बोलले असते, तर तू काय म्हणाली असतीस?"

माझ्या पोटावर पाय द्यायला आलीस होय, असंच म्हणाले असते. ते तिला ठाऊक होतं, आणि आता मलाही.

एवढ्यात पोर कडेवर घेतलेली एक बाई बाहेर आली. तिनं ताईला नाही, मला विचारलं, "उद्यापासून याला कुठं ठेवू?"