सासूने तपासलेली पिकअप

स्टँडवरचे ड्रायव्हर तिला तोफ म्हणायचे. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नव्हती. तिची पिकअप वळणावर दिसली की एकजण दुसऱ्याला कोपराने ढोसायचा, "सरक बाबा, तोफ आली," आणि आडवी लावलेली गाडी मुकाट सरळ व्हायची.

सामान हलवायचा तिचा धंदा. कुणाला घर बदलायचं असलं की कपाटं, फ्रिज, पलंग, गाद्या, झाडांच्या कुंड्या, सगळं तिच्या गाडीच्या हौद्यात चढायचं. गाडी ती चालवायची आणि नवरा मागे उभा राहून सामान धरायचा. नवरा गरीब स्वभावाचा. पाठीवर कपाट घेऊन जिने उतरेल, पण तोंडातून अवाक्षर काढणार नाही. दोघांच्या वाटणीचं बोलणं ही एकटीच बोलते, असं शेजारी म्हणायचे आणि त्यात काही खोटं नव्हतं.

राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, हेही खरं. पण त्याला कारण होतं. तिची पहिली पिकअप तिने रंग बघून घेतली होती. लालचुटूक, चकचकीत, बसायच्या जागेला नवं कव्हर. विकणारा इतका गोड बोलला की हिने बॉनेटसुद्धा उघडून बघितलं नाही. पुढची कित्येक वर्षं ती त्या गाडीत बसली त्याच्यापेक्षा जास्त त्या गाडीखाली झोपली. मिस्त्रीच्या शेजारी गोणपाटावर आडवं पडून तिने एकेक दुखणं बघितलं, त्याला हजार प्रश्न विचारले आणि शेवटी त्यानेच वैतागून तिच्या हातात पाना दिला. "घ्या, तुम्हीच करा!" तिने केलं. ती गाडी तिने जिद्दीने ओढली, आणि एका चढावर, भरल्या हौद्यासकट, इंजिनाने कायमचा राम म्हटला.

आता दुसरी गाडी हवी होती. नवी परवडायची नव्हती, म्हणजे पुन्हा जुनीच. तेवढ्यात जावयाचा फोन आला.

जावयाचं रंगाचं दुकान होतं. डबे, ड्रम, सिमेंटची पोती, सगळं पोचवायला त्याच्याकडे एक पिकअप होती. "आई, बाहेर कशाला बघता?" तो म्हणाला. "मी माझी काढतोच आहे. घरातली गाडी घरात राहील. तुम्हाला फसवेल असा माणूस तरी नाही मधे."

ही गोष्ट स्टँडवर कळली तेव्हा एक म्हातारा ड्रायव्हर हसून म्हणाला, "घरचं झालं थोडं, अन् जावयाने धाडलं घोडं!" सगळे हसले. तीही हसली. जावई चांगलाच होता तिच्या लेखी. लेक सुखात होती, नात गोड होती, आणि ती त्याला आजवर अहो-जाहो करत आली होती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी नवरा-बायको दोघंही त्याच्या घरी गेले. पिकअप दाराशीच उभी होती, धुऊन पुसून. तिने जाता जाता सवयीने बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट चांगलंच तापलेलं होतं, आणि गाडी तर सावलीत उभी.

"सकाळी कुठे नेली होती का?" तिने विचारलं.

"नाही हो आई. कालपासून इथेच आहे."

तिचा हात तिथेच राहिला. गार इंजिन नीट सुरू होत नसलं की लोक गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून तापवून ठेवतात, हे तिला माहीत होतं. पण हा परका माणूस नव्हता. विसरला असेल, कुठे माल पोचवायला गेला असेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि आत जाऊन बसली.

"चला ना, चक्कर मारून घेऊ," जावई म्हणाला.

"चहा तर होऊ द्या, जावईबापू. गाडी काय पळून जाते का?"

चहा झाला. मग तिने नातीची चित्रं बघितली. मग लेकीला भाजी निवडू लागली. जावई चारदा आत-बाहेर करून गेला. लेकही आज गप्प गप्प होती. विचारलं तेवढ्यालाच उत्तर. जेवणं आटोपली, भांडी झाली, आणि बॉनेट गार झाल्यावरच ती उठली.

किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बऱ्याच वेळाने एकदाचं खोकत सुरू झालं आणि सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट निघाला.

"थंडीने होतं असं," जावई म्हणाला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. गाडी बंद करून तिने ऑइलचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत साबणाच्या फेसासारखा पांढरट थर बसला होता. ऑइलमध्ये पाणी उतरत होतं. मग ती परत सीटवर बसली, इंजिन चालू केलं आणि ब्रेकवर पाय देऊन थांबली. पेडल आधी घट्ट लागलं, आणि मग पायाखाली हळूहळू, चिखलात रुतावं तसं, खाली जात राहिलं. स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवलं तर बराच वेळ चाकांना पत्ताच नव्हता. पुढचे टायर एकाच कडेने झिजून गुळगुळीत झाले होते.

तिच्या अंगाची लाही व्हायला लागली होती, पण अजून तिने जीभ दाताखाली धरली. यातलं बरंचसं दुरुस्त होण्यासारखं होतं. जुनी गाडी म्हटली की चार दुखणी असणारच. सांगितली असती तर तिने घेतलीही असती.

"अहो, गोणपाट द्या ते," ती नवऱ्याला म्हणाली.

"आई, खाली कशाला जाता?" जावई एकदम पुढे झाला. "कपडे खराब होतील. या वयात..."

या वयात म्हटल्यावर तर ती गेलीच.

गाडीखाली सगळं काळंभोर दिसत होतं. ताजा काळा रंग. चासीच्या लांब पट्ट्या, ज्यांच्यावर अख्ख्या गाडीचा भार असतो, त्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रंगवलेल्या होत्या. धूळसुद्धा नीट बसली नव्हती. रंगाचं दुकान असलं म्हणून कुणी गाडीचं पोट रंगवत नाही. तिने पाना घेतला आणि पट्टीवर ठोकत ठोकत मागे सरकली. लोखंड खणखण वाजत होतं. मागच्या चाकाच्या अलीकडे आवाज एकदम बसला. थप. तिने पुन्हा ठोकलं. थप. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तशी रंगासकट पुट्टीची खपली निघून तिच्या गालावर पडली. आत गंजाची चाळण होती. तिच्यावर लोखंडाचा एक तुकडा वेल्डिंगने चिकटवलेला, आणि त्या तुकड्याच्या खालून एक चीर निघून पार वरच्या कडेपर्यंत गेलेली. चिरेत तिच्या नखाचं टोक शिरलं.

भरल्या गाडीत एखादा खड्डा जोरात लागला असता तर ही चासी तिथेच मोडली असती.

बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर काळे डाग होते. आवाज मात्र इतका बारीक होता की नवऱ्याने दचकून वर बघितलं. तोफ कधी हळू बोलत नसे.

"चासी तुटलीय."

"छे, तुटली कुठे? थोडं पॅच मारलंय," जावई म्हणाला. "आणि जुन्या गाडीत एवढं कोण बघतं, आई?"

"मी बघते."

"घरचं म्हणून मी किती कमीत देत होतो..."

"घरचं म्हणूनच!" आता आवाज चढला. "बाहेरच्याने खाली वाकून बघितलं असतं. सासू कशाला वाकते, असंच ना? सकाळी गाडी तापवून ठेवलीस आणि मला सांगतोस, कालपासून इथेच आहे?"

ती त्याला अरे-तुरे करत होती, हे तिच्याही लक्षात आलं नाही. लेक मात्र चपापली आणि लगबगीने मधे पडली.

"आई, ओरडू नकोस ना. शेजारी ऐकतायत. आम्हालाही काळजी होतीच की. आम्ही तर पिल्लूला त्या गाडीत बसवायचंसुद्धा बंद केलंय."

बोलून गेली आणि तिचं तिलाच कळलं. पदार्थ जळल्याचा वास आल्यावर माणूस थबकतं तशी ती थबकली. पण शब्द बाहेर पडला होता.

आईने लेकीकडे बघितलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती जायला किती वेळ लागतो हे तिला त्या दिवशी कळलं. जराही लागत नाही.

"म्हणजे तुला माहीत होतं."

लेकीने जावयाकडे बघितलं.

"पोरीला बसवायला नको, आणि आईच्या गळ्यात मारायला चालते? अगं, नऊ महिने पोटात वागवलं तुला, ते अशी केसाने गळा कापायला?"

"तू हळू चालवतेस, म्हणून वाटलं..."

"काय वाटलं? की हळूहळू मरेन?"

तेव्हा नवरा बोलला. तो इतका वेळ गोणपाटाची घडी घालत उभा होता. तो लेकीकडे बघून म्हणाला, "मी मागे उभा असतो, बाळा. कपाट धरून."

एवढंच. लेकीने तोंडाला हात लावला आणि ती आत निघून गेली. जावयालाच काय ती जीभ उरली होती. अपमानाने त्याचे कान लाल झाले होते.

"नको तर नका घेऊ! घेणारे रांगेत उभे आहेत. उद्या येतोय एकजण, बायको-पोरं घेऊन. बाजारात आंधळ्यांना तोटा आहे का?"

"बायको-पोरं घेऊन?" तिने विचारलं.

"हो. मग?"

ती वळली आणि घराला लागून असलेल्या त्याच्याच दुकानात शिरली. बाहेर आली ती पांढऱ्या रंगाचा डबा आणि रुंद ब्रश घेऊन. जावयाला वाटलं, रागाच्या भरात काहीतरी फेकणार, म्हणून तो मागे सरला. ती सरळ पिकअपकडे गेली आणि निळ्या दारावर वीतभर उंचीची अक्षरं काढायला लागली. तिचं शिक्षण बेताचं, पण अक्षर ठळक होतं. चासी तुटलेली आहे. खाली वाकून बघा.

"आई! काय चाललंय हे? माझी गाडी आहे ती!"

"तुझीच आहे. आणि हेही तुझंच आहे," ब्रश न थांबवता ती म्हणाली. "तू खालून रंगवलीस, मी वरून रंगवते."

तो हात धरायला पुढे झाला. नवऱ्याने नुसतं मधे येऊन उभं राहायचं काम केलं. जन्मभर कपाटं उचललेला माणूस मधे उभा राहिला की त्याला बाजूला सारणं सोपं नसतं. तोवर गल्लीतली दारं उघडली होती, गॅलऱ्या भरल्या होत्या. तिने दुसरं दार रंगवलं, मागचा फाळका रंगवला, उरलेला डबा जावयाच्या उंबऱ्यावर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला."

बसमध्ये ती रडली नाही. रागच इतका होता की रडायला जागा नव्हती. नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आपलेच दात, आपलेच ओठ." ती म्हणाली, "म्हणूनच जास्त लागतं."

जावयाने दुसऱ्या दिवशी त्या अक्षरांवर निळा रंग चढवला. पण जुन्या निळ्यावर नवा निळा बेमालूम मिसळला नाही, आणि अख्ख्या गल्लीने ती अक्षरं वाचलीच होती. गिऱ्हाईक आलं, त्याला कोपऱ्यावरच्या चहावाल्याने आधीच सगळं सांगितलं होतं. पुढेही तसंच होत गेलं. शेवटी पिकअप भंगारात गेली. तिथे ती कापली, तेव्हा मागचा भाग वेगळा करायला गॅसकटर जेमतेम टेकवावा लागला, असं भंगारवालाच स्टँडवर सांगत होता.

तिने गाडी घेतली ती एका विटा वाहणाऱ्या बाईकडून. त्या बाईने भेटल्या भेटल्या सांगितलं, क्लच गेलाय, डावी काच वर होत नाही, मागच्या स्प्रिंगचा एक पाटा बदलायला झालाय. ही तरीही खाली वाकली, टोकापासून टोकापर्यंत ठोकून बघितलं. सगळीकडे खणखण. तेवढ्यावर तिने व्यवहार केला.

लेकीचा फोन कितीतरी महिने आला नाही. हिनेही केला नाही. नवरा मधून मधून नातीला बागेत नेऊन आणायचा आणि घरी आल्यावर काही सांगायचा नाही. ही काही विचारायची नाही, पण त्याच्या सदऱ्यावर आईस्क्रीमचे डाग दिसले की ते जरा हळू धुवायची.

मग एका दुपारी लेक स्टँडवरच आली. ड्रायव्हर मंडळी शहाणी, सगळ्यांना एकदम चहाची तल्लफ आली.

"आई," लेक म्हणाली, "दुकानाला गाडी घ्यायचीय. जुनीच. तू बघतेस का?"

"तुझा नवरा कुठाय?"

"त्याला तोंड नाही दाखवायला. मलाही नव्हतं. तरी आले."

"मग आधी का नाही आलीस?"

"भीती वाटत होती तुझी."

"माझी भीती वाटली, आणि त्या चिरेची नाही वाटली?"

लेकीचे डोळे भरले होते. आईने गाडीतून गोणपाट आणि पाना काढला.

गाडी बघायला दोघी गेल्या. आईने लेकीलाही खाली घेतलं. कुठे ठोकायचं, गंज आणि धूळ यात फरक कसा करायचा, पाट्याची चीर कुठे लपते, ताजा रंग दिसला तर तो का दिसतोय, सगळं खेकसत खेकसत दाखवलं. लेकीच्या केसांत ऑइल गेलं, कोपर खरचटलं. ती गाडी त्यांनी नाकारली. त्याच्या पुढचीही नाकारली. त्यानंतरची एक घेतली. तिच्या चाकाचं बेअरिंग वाजत होतं. ते आईने लेकीच्या हातून बदलून घेतलं.

लेक आता येते जाते. जावई फोनवर "आई, कशा आहात" विचारतो आणि ती "बरी आहे" म्हणून फोन नवऱ्याकडे देते. त्या दिवसानंतर त्याच्या घरी ती अजून जेवलेली नाही. अहो-जाहो मात्र तिने पुन्हा सुरू केलंय, आणि लेक म्हणते, आईच्या शिव्या परवडल्या, पण ते अहो-जाहो ऐकवत नाही.